लाल फडक्यातलं मस्टर

ताई, पेन आधी खाली ठेवा. चहा येतोय, तो घ्या आणि नुसतं ऐका. तुम्हाला हेरवाडकर मॅडमच्या गौरव अंकासाठी त्यांच्या कारकुनाची आठवण पाहिजे, होय ना? बार असोसिएशननं तुम्हालाच पाठवलं, कारण तुम्ही नव्या वकील आणि जुन्यांना वेळ नाही. मला कळतं सगळं. सातवी शिकलोय, पण अठ्ठावीस वर्षं वकिलाचं ऑफिस सांभाळलंय. तर एक गोष्ट सांगतो. चोवीस वर्षांत कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. छापायची का नाही ते शेवटी बघू.

सन दोन हजार. मंगळवार होता. दुपारी चारच्या सुमाराला फाउंड्रीचा मॅनेजर देवस्थळी आमच्या भाऊसिंगजी रोडच्या ऑफिसात आला. काखेत लाल फडक्यात बांधलेलं हजेरीचं मस्टर. फाउंड्रीचं नाव घेत नाही. मालकाची पोरं आता बरी वागतात, त्यांना कशाला त्रास. आपण नुसतं फाउंड्री म्हणू.

देवस्थळीनं ते मॅडमच्या टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत ऐसपैस बसला.

"घ्या मॅडम. केस जिंकलात असं समजा."

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "कुठं होतं हे इतके दिवस?"

"स्टोअरमध्ये. सापडत नव्हतं."

"शुक्रवारी कोर्टात ठेवायची तारीख, आणि मंगळवारी सापडलं."

"देवाची कृपा."

"कुठल्या देवाची?" मॅडम म्हणल्या.

तो हसला. मॅडम हसल्या नाहीत.

आता तुम्ही मॅडमना बघितलंय ते म्हातारपणी, काठी घेऊन. तवा त्या पन्नाशीच्या होत्या आणि कोल्हापूर-इचलकरंजीतले निम्मे मालक त्यांच्या दारात असायचे. फाउंड्र्या, सूतगिरण्या, मोठी हॉटेलं. कामगारानं केस घातली की मालक पहिला फोन मॅडमना करायचा. युनियनवाले शिव्या द्यायचे त्यांना. पण एक गोष्ट शिव्या देणाराही मानायचा. त्यांनी कोर्टात ठेवलेली झेरॉक्स समोरचा वकील अस्सलाशी ताडून बघायचा नाही. मॅडमनी दिली म्हणजे बरोबरच असणार. त्या म्हणायच्या, "मी मालकाचं वकीलपत्र घेते, तातोबा. मालकाचं खोटं घेत नाही." सगळी कमाई म्हणा, इज्जत म्हणा, त्या एका गोष्टीवर होती.

आणि मला त्यांच्याकडं कसं काम मिळालं, ते ऐका. मी त्याच फाउंड्रीत होतो, साचे भरायला. एकोणनव्वद साली पायावर वितळलेल्या बिडाचा रस सांडला. हा बघा पाय, तीन बोटं नाहीत. भरपाईची केस घातली, तर समोर वकील कोण, मॅडम. उलटतपासात मला घाम फोडला त्यांनी. "बूट घातले नव्हते ना? दिले होते तरी घातले नव्हते ना?" मी म्हटलं, "बाई, एक बूट माझ्याकडं आणि दुसरा जोडीदाराकडं होता. दोघांत एकच जोड दिलाता." कोर्ट हसलं. मॅडम नाही हसल्या. बाहेर आल्यावर मला विचारलं, "वाचता येतं?" म्हटलं, "येतं, सावकाश." म्हणल्या, "केस संपली की माझ्याकडं ये." भरपाईही मालकाला सांगून त्यांनीच मिटवली. एक्क्याण्णवला मी त्यांच्याकडं लागलो.

तो दुसरा बूट ज्याच्याकडं होता, तो शिवगोंडा मगदूम. लक्षात ठेवा, कारण ही केस त्याचीच.

साचे भरायला फाउंड्रीत जोडी लागते. एकानं पेटी धरायची, दुसऱ्यानं माती ठोकायची. एकाचा हात चुकला की दुसऱ्याची बोटं जातात. आम्ही सात वर्षं जोडी होतो. मी गेलो, तो राहिला. आणि अठ्ठ्याण्णवला त्याला काढलं. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले असतील तर कामगाराला असं उठून काढता येत नाही, तुम्हाला हे मी सांगायला नको. शिवगोंडा म्हणत होता, शहाण्णव-सत्त्याण्णव साली मी दोनशे नव्वद दिवस भरलेत. फाउंड्री म्हणत होती, भरले नाहीत. कोर्टानं सांगितलं, मस्टर आणा. ते हे मस्टर. ह्यावर त्याची नोकरी. घरी दोन पोरी आणि अंथरुणाला खिळलेली आई होती त्याला.

देवस्थळी गेला. मॅडमनी फडकं सोडलं, पानं चाळली. मग मस्टर माझ्याकडं फिरवलं.

"तातोबा, तू तिथं होतास. बघ जरा. काही वावगं दिसतं?"

मी उघडलं. पहिली गोष्ट हाताला कळली. पान स्वच्छ. फाउंड्रीतल्या मस्टरला कधी हात लावलाय तुम्ही? काळी माती असते तिथली, तेल असतं. दर पानाच्या कोपऱ्याला अंगठ्याचा डाग. हे म्हणजे लग्नाच्या पत्रिकेसारखं.

दुसरी गोष्ट डोळ्याला कळली. वर तारीख, खाली वार, आणि दर रविवारच्या चौकोनात तांबड्या शाईनं 'सु'. सुट्टी. आता आमच्या पट्ट्यात तवा लाइटची सुट्टी, म्हणजे कारखान्यांची वीज बंद असायचा वार, सोमवारी असायची. सोमवारी फाउंड्री बंद, रविवारी चालू. आमची लग्नं, बारशी, सगळी सोमवारी. अठ्ठ्याण्णवच्या शेवटाला फाउंड्रीनं ती रविवार करून घेतली. देवस्थळी पुण्याहून आला नव्याण्णवला. त्यानं सुट्टी बघितली ती रविवारची. एका बैठकीला सगळं वर्ष लिहून काढलंतं बाबानं, आणि सगळे रविवार बंद ठेवलेते. शिवगोंडाचे दिवस भरले दोनशे अठ्ठावीस.

तोंड उघडलं होतं सांगायला. आणि मनात आलं, मी आत्ता हे सांगितलं, तर काय होईल? देवस्थळी मस्टर परत नेईल आणि शुक्रवारपर्यंत सोमवारची सुट्टी घालून दुसरं आणील. तवा कोण धरणार?

"काय नाही, मॅडम," मी म्हटलं. "बरोबर दिसतंय."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. "बरं," म्हणल्या आणि फडकं बांधलं.

बुधवारी सकाळी त्यांनी मला इचलकरंजीला पाठवलं. काम काय, तर एका गिरणीच्या ऑफिसातनं एक पत्र आणायचं. ते पत्र पोस्टानं आलं असतं. नऊ वर्षांत मला असल्या कामाला कधी पाठवलं नव्हतं. एसटीत बसून मी तेच घोळवत होतो. ह्यांना मी आज ऑफिसात नको आहे. का नको आहे?

परत आलो पाचला. सात वाजतील असं त्यांना वाटलं असणार. दाराला आतनं कडी. ऑफिसच्या दाराला दिवसा कडी मी कधी बघितली नव्हती. वाजवलं. आत कपाटाचं दार आपटल्याचा आवाज आला, चावी फिरली, मग कडी निघाली.

"लवकर आलास."

"गाडी लगेच मिळाली."

टेबलावर लाल फडकं सुटलेलं, त्यावर मस्टर. आणि टेबलभर काळी भुकटी. ती भुकटी मी झोपेतही ओळखीन. फाउंड्रीची माती. मॅडमच्या दोन्ही हातांची बोटं काळी. पदरालाही काळं लागलेलं. त्यांनी ते बघितलं आणि हात मागं घेतले.

"फॅनची धूळ पडली," म्हणल्या. "पुसून घे."

फॅनची धूळ. मी फडकं घेतलं आणि पुसलं. डोक्यात एकच चित्र. मस्टर फार स्वच्छ होतं, ते मॅडमनाही कळलं, आणि आता ह्या बाई स्वतःच्या हातानं पानांना माती चोळून ते जुनं करतायत. म्हणून मला इचलकरंजीला धाडलं. म्हणून कडी.

कपाटाची चावी त्यांनी माझ्यादेखत पर्समध्ये टाकली. एरवी ती टेबलाच्या खणात असायची. ज्या बाईंनी मला पायावर उभं केलं, त्यांच्याकडं मला बघवंना. एवढं मोठं नाव, आणि एका फाउंड्रीसाठी?

गुरुवारी त्या दुपारीच बाहेर पडल्या. "कुठं जाताय म्हणून सांगू?" मी विचारलं. "कोणी विचारलं तर माहीत नाही म्हण," म्हणल्या. "खरंच माहीत नाही मला," मी म्हटलं. त्या दारात थांबल्या. काहीतरी बोलतील वाटलं. गेल्या.

मी ऑफिसला कुलूप लावलं आणि कोर्टाच्या मागच्या चहाच्या गाड्यावर गेलो. शिवगोंडा तिथं तारखेच्या आदल्या दिवशी हमखास यायचा. त्याच्या वकिलाला, मुल्लासाहेबांना भेटायला. केस सुरू झाल्यापास्नं आम्ही उघड बोलत नव्हतो. नुसतं बघायचो.

त्यानंच विषय काढला. "तात्या, तुझ्या बाईकडं मस्टर आलंय म्हणं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"देवस्थळी गेटवर बोलत हुता. म्हणला, मगदूमची जत्रा संपली."

मी कप फिरवत बसलो.

"काय हाय तात्या त्यात? न्हाय, सांगू नगंस. तुझी भाकरी तिथली हाय." मग जरा वेळानं म्हणला, "थोरलीला बघाय येणार हाईत पुढच्या म्हयन्यात. पावणं विचारत्यात, बाप काय करतो. काय सांगू?"

त्याचा आवाज एकदम साधा होता, ताई. रडगाणं नव्हतं. मी कप ठेवला आणि उठलो. जाता जाता, त्याच्याकडं न बघता म्हटलं, "मुल्लासाहेबांना सांग, मस्टर पुढं आलं की सुट्टीचा वार विचारा."

बस. एवढंच. चालत घरी आलो. रात्री जेवलोही चांगला.

शुक्रवार. मॅडम पांढऱ्या साडीत, काळा कोट, नेहमीसारख्या. मला म्हणल्या, "फडकं घेऊन ये. पण मी सांगेपर्यंत सोडायचं नाही." त्यांची चामड्याची बॅग त्यांनी स्वतःच उचलली. जड होती, खांदा वाकलेला दिसत होता. म्हटलं, "द्या इकडं." "नको," म्हणल्या.

मालक आणि देवस्थळी मागच्या बाकावर होते. मालक स्वतः तारखेला कधी यायचा नाही. आज आलाता, तोंड पाडून. मला त्याचाही संशय आला. म्हटलं, खोटं पचतंय का नाही ते बघायला आलाय.

मॅडम सरळ मुल्लासाहेबांकडं गेल्या. "मुल्लासाहेब, पुकारा व्हायच्या आत दोन मिनिटं बाहेर येता? तुमच्या पक्षकारालाही घ्या."

मुल्लासाहेब एरवी उठून उभे राहायचे मॅडमसाठी. त्या दिवशी बसूनच राहिले. "काय असेल ते कोर्टापुढं बोलू, मॅडम."

"तुमच्या फायद्याचं आहे."

"तेच तर म्हणतो. कोर्टापुढं होऊ द्या."

आणि तेवढ्यात पुकारा झाला.

मुल्लासाहेब आधी उठले. म्हणले, मस्टर घेण्याआधी मॅनेजरला शपथेवर एक प्रश्न विचारायचाय. देवस्थळी पिंजऱ्यात गेला. ह्या कोर्टातनं त्या कोर्टात फिरून माणूस तयार होतो, तसा तो तयार होता. छाती काढून उभा.

"सत्त्याण्णव साली फाउंड्रीची आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी होती?"

"रविवारी," देवस्थळी म्हणला. "अर्थात."

मुल्लासाहेबांनी शिवगोंडाचं त्या सालचं हजेरी कार्ड काढलं. पाठीमागं छापलेलं, सुट्टी सोमवार. एवढी साधी गोष्ट. दोन वर्षं ते कार्ड त्याच्या घरी देवाच्या फोटोमागं होतं. त्याची पाठ वाचायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"आता मस्टर येऊ दे," मुल्लासाहेब म्हणले.

मॅडम उभ्या राहिल्या. "साहेब, माझी एक पुरसीस आहे, मालकाच्या वतीनं लेखी निवेदन. ती आधी घेतली तर ह्या सगळ्याची गरज राहणार नाही."

"आधी मस्टर, साहेब," मुल्लासाहेब म्हणले. "पुरसीस लिहायला त्यांना वेळ भरपूर मिळेल."

जजसाहेबांनी विचारलं, "मॅडम, मस्टर आणलंय?"

त्यांना 'नाही' म्हणता आलं असतं. पुढची तारीख मागता आली असती, रोज लोक मागतात. त्यांनी मागितली नाही. म्हणल्या, "आणलंय. तातोबा, सोड फडकं."

मी गाठ सोडली. पहिलं पान उघडलं.

पान पांढरंफेक. मंगळवारी होतं तसंच. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. कुठंही डाग नाही, अंगठा नाही, माती नाही. कुणी काही चोळलेलं नव्हतं.

माझे हात थांबले. मी मॅडमच्या बॅगेकडं बघितलं. पुरसीस काढायला त्यांनी ती उघडलीती. आत दुसरं मस्टर होतं. फाटक्या पुठ्ठ्याचं, तेलानं काळं झालेलं, कोपरे अंगठ्यांनी झिजलेले. खरं. आणि त्यावर एक कागद. कारकुनाला उलटं वाचायला शिकावं लागतं, टेबलाच्या ह्या बाजूनं. मी उलटं वाचलं. शिवगोंडा मगदूम यांस पूर्वीच्याच कामावर, मागील नोकरी धरून, परत घेण्यात येत आहे. सोमवारी सकाळी सात वाजता हजर व्हावे. खाली मालकाची सही. तारीख गुरुवारची.

पुढचं कोर्टातलं मला धड आठवत नाही. मस्टर खोटं म्हणून नोंद झाली. देवस्थळीवर कारवाईची नोटीस निघाली.

व्हरांड्यात मालक मॅडमच्या अंगावर आला. "बुधवारी माझ्या स्टोअरात घुसून स्वतःच्या हातानं जुनं मस्टर उपसून काढलंत. काल माझ्या घरी तीन तास बसून सही घेतलीत. म्हणलात, अब्रू वाचेल. आणि आज इथं नागडं केलंत?"

"मी मुल्लासाहेबांना काही सांगितलेलं नाही," मॅडम म्हणल्या.

देवस्थळीनं माझ्याकडं बोट केलं. "हा फुटलाय. तो मगदूम ह्याचा जोडीदार. विचारा ह्याला."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला वाटलं, आता बोलावं. रिकाम्या फडक्याची घडी घालत राहिलो.

मॅडमनी माझ्याकडं बघितलंही नाही. मालकाकडं बघून म्हणल्या, "माझ्या ऑफिसातनं कागद बाहेर जात नाही. शब्दही जात नाही."

"मग तुम्हीच फितूर," मालक म्हणला. मॅडमच्या बॅगेतनं तो सहीचा कागद ओढला आणि त्यांच्यासमोर फाडला.

त्या आठवड्यात फाउंड्रीनं वकीलपत्र काढून घेतलं. दिवाळीपर्यंत आणखी चार कंपन्या गेल्या. मालक म्हणायचे, बाई कामगारांना विकली गेली. कामगार म्हणायचे, खोटं मस्टर बाईनंच केलं, सापडल्यावर अंग काढून घेतलं. आणि त्यांची झेरॉक्स समोरचे वकील अस्सलाशी ताडून बघायला लागले. ओळ न ओळ. मॅडम शांत बसून राहायच्या, ते ताडून होईपर्यंत.

शिवगोंडा जिंकला. कोर्टानं त्याला परत घ्या म्हणून सांगितलं. मग मालक अपिलात गेला, तिथनं मुंबईला. अकरा वर्षं. निकाल हातात आला तवा त्याला निवृत्त व्हायला आठ महिने राहिलेते. मधल्या काळात त्यानं एका मंगल कार्यालयावर वॉचमनगिरी केली. थोरलीचं ते स्थळ मोडलं. अजून दर दसऱ्याला येतो माझ्याकडं, आपट्याचं पान देतो आणि म्हणतो, "तात्या, तुझ्यामुळं जिंकलो." त्या कागदावरच्या सोमवारचं मी त्याला सांगितलेलं नाही.

आता मॅडमचं. शनिवारी मी ऑफिसात गेलो ते राजीनामा सांगायलाच. त्या आधीच येऊन बसल्यात्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी पर्समधनं कपाटाची चावी काढली आणि टेबलावरनं माझ्याकडं सरकवली.

"ही तुझ्याकडं ठेव आजपासून."

"मॅडम, मी..."

"सोमवारच्या बोर्डावर दोन केसेस आहेत," म्हणल्या. "फायली काढ."

एवढंच. त्यानंतर एकोणीस वर्षं मी त्यांच्याकडं राहिलो. तो विषय त्यांनी काढला नाही, मी काढला नाही. आणि एकोणीस वर्षं मी रोज त्यांच्या तोंडाकडं बघून ओळखायचा प्रयत्न करत होतो. मंगळवारी मी 'काय नाही' म्हटलं, तवाच त्यांना मी लपवतोय ते कळलंतं. म्हणून तर मला इचलकरंजीला पाठवलं, म्हणून कपाटाला चावी लावली. त्यांचा माझ्यावर संशय होता, माझा त्यांच्यावर. दोघांतला खरा ठरला तो त्यांचा. मग चावी का दिली? माहीत असून दिली, का माहीत नव्हतं म्हणून दिली? माहीत असेल तर ती माफी होती, का शिक्षा? रोज सकाळी ते कपाट उघडताना मला हेच वाटायचं.

ऑफिस बंद झालं तवा कपाट भंगारात गेलं. चावी राहिली माझ्याकडं. ही बघा. करदोट्यालाच बांधलीये.

थांबा, सोडतो. घ्या. चहा पिऊन झाला असेल तर आता पेन उचला, आणि अंकात माझ्या नावानं लिहा की मॅडमनी कधी खोटा कागद खरा म्हणून कोर्टात दिला नाही, आणि तातोबानं हे डोळ्यांनी बघितलंय. बाकीचं राहू दे.

पण एवढं माझं काम करा, ताई. रविवारी सत्काराआधी तुम्ही त्यांना आणायला त्यांच्या घरी जाणार म्हणालात. ही चावी त्यांच्या हातात ठेवा. तातोबानं दिली म्हणा, आणि सुट्टीचा वार त्यानंच सांगितलाता, तेही सांगा. त्या काही बोलल्या तर मला येऊन सांगा. आणि नाहीच काही बोलल्या, तर फक्त त्यांच्या हाताकडं बघा. चावी ठेवून घेतली का परत दिली, तेवढं बघून या.